आगरातला सत्तेचाळीस नंबर

पहाटे चार दहाला लाइन ट्रिप झाली.
इनासचा फोन: "झोन वन, अकरा पॉइंट चार किलोमीटर.
तुज्याच दारांत मरे!"
रिलेला अंतर कळतं.
दार कुणाचं, ते इनासला.

शापोऱ्याच्या काठी दव उतरलं होतं,
मार्चातलं, जड,
स्कूटरच्या सीटवरून निथळणारं.
मी निघालो तेव्हा आई आधीच बाहेर,
मिठाच्या राशींवर झावळ्या ओढत.
एकाच दवानं दोघांना उठवलं होतं.
बोललो नाही. दोघांनाही घाई होती.

केरकरबाई नवीन, ज्युनियर इंजिनियर,
बूट हातात घेऊन बांधावरून आल्या.
म्हणाल्या, कोरडं मीठ काही करत नाही,
महिनोन् महिने बसून राहतं चिनीमातीवर
लग्नघरातल्या गरीब पाहुण्यासारखं.
दव पडलं की त्याला वाचा फुटते.
मग करंट थाळीच्या काठाकाठानं चालत
लोखंडापर्यंत पोचतो.
हे मला बावीस वर्षं ठाऊक होतं.
वाचा फुटते, हे नव्हतं.

लाइन क्लिअर घेतली.
इनासनं परमिटचा नंबर दोनदा म्हटला,
मी दोनदा म्हटला, बाईंनी वहीत लिहिला.
देवाचं नाव एकदा घेतलं तरी चालतं.
दोन्ही बाजूंना अर्थिंग.
रॉड तारेला टेकला तसा चट् आवाज झाला:
शेजारच्या चालू सर्किटनं
मेलेल्या तारेच्या कानात ठेवलेलं काहीतरी
टॉवरच्या पायांतून खाली गेलं,
चिखलात, म्हणजे आगरात,
म्हणजे आमच्याच मिठात.

वर आठ थाळ्यांची माळ.
पहिलीचं आणि आठवीचं ग्लेझ उडालेलं,
काळा डाग, विस्तवावर विसरलेल्या तव्यासारखा.
दोन्ही बदलल्या. बाकीच्या ओल्या फडक्यानं पुसत गेलो.
बोट चाटून पाहिलं. खारट, मग कडू.

तिथून आगर दिसतं तसं घरातून दिसत नाही.
मानशीचं दार मोडलं त्या वर्षापासून
चौकोनांत कांदळ शिरलंय.
अजून पांढरे आहेत ते तीनच,
आणि त्यांतल्या मधल्यात आई
लाकडी फळीनं मीठ काठाला ओढतेय.
ती गोळा करते, मी पुसतो.
पगार मला मिळतो.

अकरा चाळीसला लाइन चार्ज झाली.
चरचर सुरू झाली, ऐकणाऱ्यालाच ऐकू येईल इतपत.
या तारांतून आमच्या घरी थेंबभर वीज येत नाही.
ती डोक्यावरून जाते तिवीला,
तिथं तेहतीस होते, कुठंतरी अकरा,
आणि भटक्या गुरासारखी फिरून फिरून
देवळामागच्या ट्रान्सफॉर्मरला पोचते.

पेज जेवताना आईनं माझं फडकं हुंगलं,
जिभेला लावलं, थुंकली.
"हे आमचं नव्हे. यात हायवेची धूळ आहे.
आमटीत घातलंस तर चुलीत घालीन तुला."
मग बाईंकडे न बघता:
"मिठाचा एवढा त्रास, तर आगर बंद करा म्हणतील?"
मी लोणच्याकडे बघत राहिलो.
केरकरबाईंनी घाईनं सांगितलं,
"नाही आजी, थाळ्यांवरचं मीठ दर्याकडून येतं."
आई म्हणाली,
"आमचेंय."

बाईंनी वही उघडली होती.
कारण, या रकान्यात काय लिहिलं ते पाहिलं नाही.
पॉलिमरच्या माळा मागवायच्या म्हणत होत्या,
त्यांच्यावर पाणी पसरत नाही, थेंब थेंबच राहतो.
येतील, टेंडर निघालं की.

रात्री झोप लागेना.
वारा पडला. कौलं गार होऊ लागली.
तीनच्या सुमारास ओसरीवर पावलं,
मग झावळ्या ओढल्याचा आवाज.
हात फोनकडे गेला,
तो वाजायच्या आधीच.